रिकाम्या बाकांचा हिशेब

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या आणि मराठवाड्यातल्या मिशनच्या अनेक जुन्या देवळांत रविवारच्या उपासनेला आता मोजक्या म्हाताऱ्या बायाच दिसतात. पेटी वाजवणारा पुण्याला, तरुण पोरं चाकणला नाहीतर मुंबईला. एकाच पाळकाकडे अनेक गावं. मंडळी का आटली, याचं वेदीवरून मिळणारं उत्तर ठरलेलं असतं: पोरं शिकली, जगाच्या मागे लागली, विश्वास थंडावला.

शिकलेल्यांवर ढकलणं सोपं असतं. पण हा हिशेब अपुरा आहे.

1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्माशी बांधला. 1956 मध्ये शीख आत आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती महार, ख्रिस्ती मांग अजून बाहेरच. धर्माची ही अट काढा, असं रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 मध्ये सांगितलं. अहवाल पडून राहिला. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेला अनुसूचित जातीचा दाखला नाकारला, तेव्हा तिचा बाप्तिस्मा आणि तिचं नियमित चर्चला जाणं, दोन्ही तिच्या विरोधात धरलं गेलं. म्हणजे बाकावर बसणं हाच पुरावा. अशा वेळी घरातली पहिली पदवीधर मुलगी बाप्तिस्मा पुढे ढकलते, रजिस्टरला नाव लावत नाही, तेव्हा तिचा विश्वास थंडावला असं म्हणायचं? गावाने तिची जात कधीच विसरलेली नसते. सरकार मात्र विसरतं, आणि तेही सोयीने.

मला खरी चिंता वेगळी वाटते. या सगळ्याबद्दल उपदेशात अवाक्षर नसतं. धर्मांतरित ख्रिस्ती अस्पृश्य आपल्यावरच्या अन्यायाविरुद्ध चळवळ का उभी करत नाहीत, याचा विचार बाबासाहेबांनी केला होता. तुझी अवस्था तुझ्या परिस्थितीमुळे नव्हे, तुझ्या पापामुळे आहे, असं शिकवलं तर माणूस परिस्थितीशी कशाला भांडेल, हा त्यांचा रोख. तो आजही बोचतो. पोटजात बघून सोयरीक जुळवणाऱ्या, पण 'आमच्यात जात नाही' म्हणणाऱ्या मंडळीत पदवीधर पोराचा जीव घुसमटतो, तो देवामुळे नव्हे.

उत्तर शोधायला लांब जायला नको. अरविंद निर्मल मराठी मुलखातले, दलित. 1981 मध्ये बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी शूद्रांच्या धर्मशास्त्राची मांडणी केली. दलित धर्मशास्त्राची सुरुवात तिथून धरतात. सेमिनरीत ते इंग्रजीत शिकवलं जातं, पण त्यांच्याच मुलखातल्या गावच्या वेदीपर्यंत क्वचितच पोचतं. इस्राएल लोक मिसरातून सुटले हे आपल्याला पाठ असतं. आपले आजे-पणजे कुठून सुटायला निघाले होते, हे कुणी विचारत नाही. प्रार्थनेत आजारपण येतं, परीक्षा येते, मग जातीच्या दाखल्याचा प्रश्न का येऊ नये?

आणि रजिस्टरबाहेरच्यांचं काय? रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. टिळक चित्पावन, त्यांच्यासमोरची अडचण निराळी, आपली निराळी. तरी वाट वापरण्यासारखी आहे. पुण्यात भाड्याच्या खोलीत चौघांनी बसून शास्त्र वाचावं, गाणी म्हणावीत, कुणाचंही नाव वहीत न लिहिता. पाळक येण्याची वाट बघू नये. मंडळीची जमीन कुणी, कितीला विकली हे मात्र कमिटीला लेखी विचारावं. तेही उपासनेचंच काम आहे.

सुट्टीत गावी गेलात तर त्या म्हाताऱ्यांजवळ बसा. त्यांना गाणी पुस्तकाशिवाय येतात, चालीसकट. मोबाइलवर उतरवून घ्या. मग विचारा, बाप्तिस्मा झाल्यावर गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं का.