टेस्टिंगला या, पण चावी कोणाकडे ते घरूनच ठरवून या

नाशिकजवळ गंगापूर-सावरगावच्या बाजूला आमची द्राक्षबाग आहे. मागच्या हंगामात एका शनिवारी, दिवस मावळायच्या सुमारास, एक पांढरी गाडी वळण सोडून थेट बागेत शिरली. कडेच्या ओळीचे तीन अँगल वाकले, तारा तुटल्या, ठिबकची नळी फाटून पाण्याचं कारंजं उडायला लागलं. गाडीतली माणसं सुखरूप होती. चालवणारा पोरगा पंचविशीतला, पांढराफटक पडलेला. मला म्हणाला, "काका, देवाशपथ प्यायलो नाही. नुसतं टेस्टिंग केलंय."

तो खोटं बोलत नव्हता. वाइनचं टेस्टिंग म्हणजे पिणं नव्हे, असं त्याला मनापासून वाटत होतं. दहा मिनिटं आधी त्याच ओळीत आमच्या बाया क्रेट भरत बसल्या होत्या, हे मी त्याला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय.

मुंबई-पुण्याहून गाडी काढून वायनऱ्या बघायला येणाऱ्या सगळ्यांना हात जोडून विनंती आहे. खुडा जानेवारी ते मार्च चालतो, आणि तुमची गर्दीही नेमकी तेव्हाच. येत्या शनिवार-रविवारचा बेत आखला असेल, तर गाडीत बसायच्या आधी हिशोब मांडा. एका टेस्टिंगला पाच-सहा वाइन, प्रत्येकी साधारण 30 मिली. म्हणजे दीडशे ते एकशेऐंशी मिली झाली. वाइनमध्ये अल्कोहोल असतं 12-13 टक्के. साठ-सत्तर किलोच्या माणसाला, त्यातून पोट रिकामं असलं, तर कायद्याची मर्यादा गाठायला एवढंही पुरतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 प्रमाणे ती मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमची आहे. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. आणि तुम्ही तर एका दिवसात तीन वायनऱ्या करायच्या म्हणता! लिंबूपाणी, कडक कॉफी, तोंडावर गार पाणी यांनी डोळे उघडतात, रक्तातली दारू उतरत नाही. ती तिच्या चालीने उतरते, 100 मिली रक्तामागे तासाला जेमतेम 15 मिलिग्रॅम.

आता आमचा रस्ता कसा आहे तेही ऐका. वाइनची द्राक्षं गारव्यात खुडतात, त्यामुळे पहाटे अंधारातच माणसं बागेकडे चालत निघतात. पेठ-सुरगाण्याकडून कामाला आलेली कुटुंबं रस्त्याच्या कडेलाच पालं टाकून राहतात, त्यांची पोरं तिथेच खेळतात. संध्याकाळी भरलेल्या ट्रॉल्या निघतात. मागचा लाल दिवा लागलेली ट्रॉली दिसली तर नशीब समजा. यात आमचीही चूक आहे, कबूल. त्यातच पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा असते. गावोगावच्या दिंड्या तिकडे पायी निघालेल्या असतात. अंधार पडल्यावरही टाळ वाजत असतो, आणि मागून येणारी गाडी त्या नादात ऐकू येत नाही.

येऊ नका असं मी म्हणत नाही. तुम्ही येता म्हणून आमच्या भागात चार पैसे खेळतात. फक्त कोण चालवणार हे घरून निघतानाच ठरवा. पहिला ग्लास हातात आल्यावर प्रत्येकाला आपण शुद्धीत आहोत असंच वाटतं. कोणीच तयार नसेल तर मुंबईकरांनो, सकाळच्या तपोवन एक्स्प्रेसने नाशिकरोडला उतरा आणि दिवसभरासाठी ड्रायव्हरसकट गाडी करा. चौघांत वाटला तर तो खर्च एका बऱ्या बाटलीच्या आसपास जातो.

दिशा एकच धरा. गंगापूर धरणाकडे सुला, सोमा, यॉर्क जवळजवळ आहेत. दिंडोरीकडे शाँदों, इगतपुरी तालुक्यात संजेगावला ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने. तिन्हीकडे एकाच दिवसात पळालात तर चव कशाचीच लागत नाही आणि परतताना कसारा घाट अंधारात उतरावा लागतो. सकाळी नाशिकची मिसळ चापून खा, पण तेवढ्याने आपण सुटलो असं समजू नका. भरल्या पोटी दारू उशिरा चढते, चढायची राहत नाही. टेबलावर थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते शोभेचं नसतं. जाणकार चव घेऊन त्यातच थुंकतात. एरवी भर रस्त्यात पिचकारी मारताना आपल्याला लाज वाटत नाही, तिथे मात्र वाटते! आणि 26 जानेवारीची सुट्टी धरून येणाऱ्यांनो, त्या दिवशी ड्राय डे असतो. बाग बघायला मिळेल, ग्लास नाही.

राहिला तो बिचारा गाडी चालवणारा. त्याला कोपऱ्यात मोबाइल बघत बसवू नका. त्यालाही बागेत फिरवा, टाक्या दाखवा, त्याच्या जेवणाचे पैसे बाकीच्यांनी द्या. निघताना त्याच्या आवडीची एक सीलबंद बाटली घेऊन डिकीत ठेवा. घरी पोचल्यावर, चावी खुंटीला लावून, तो ती उघडेल.