घरी निघालेला वाघ

मुलांनो, तुमच्या घरी कधी कोणी मांजर पोत्यात घालून लांब सोडून आलंय का? आमच्याकडे आले होते. मी तेव्हा चौथीत होते. आमची मनी शेजारच्या काकूंच्या दुधाच्या पातेल्यात तोंड घालायची आणि मग दोन्ही घरांत दिवसभर धुसफूस चालायची. शेवटी एका रविवारी मामाने तिला रिकाम्या पोत्यात घातलं, पोतं सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि नदीपलीकडच्या गावात सोडून आला. मी दोन दिवस जेवले नाही. (खरं सांगायचं तर एकच दिवस. दुसऱ्या दिवशी आईने शेवयांची खीर केली होती.) सहाव्या दिवशी पहाटे बघते तर काय, मनी चुलीजवळच्या ऊबेत बसून पंजे चाटतेय! पोत्यातून गेलेली, वाट न पाहिलेली, मधे एवढी नदी. ती आली कशी, हे कोडं मला आजतागायत सुटलेलं नाही.

आज मी तुम्हांला अशाच एका मांजराची गोष्ट सांगणार आहे. फक्त हे मांजर जरा मोठं होतं, म्हणजे वजनाने दोनशे किलोच्या आसपास! आणि त्याच्या अंगावर पट्टे होते.

मध्य प्रदेशात बुंदेलखंड भागात पन्ना नावाचं गाव आहे. हिऱ्यांच्या खाणींमुळे ते तुमच्या भूगोलात येतं. त्याच्या जवळून केन नदी वाहते आणि नदीच्या दोन्ही अंगांना सागाचं, खैराचं कोरडं जंगल पसरलेलं आहे. १९८१ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९९४ साली व्याघ्र प्रकल्पात आलं. तिथे वाघ होते, चांगले नांदत होते. आणि मग ते कमी होऊ लागले.

कशामुळे? शिकारीमुळे. वाघाच्या कातड्याला आणि हाडांना परदेशात चोरून मोठा भाव मिळतो. जंगलाच्या वाटेवर लोखंडी सापळा लावून ठेवला की वाघाचा पाय त्यात अडकतो. पुढचं मी सांगत नाही. रघु चुंडावत नावाचे शास्त्रज्ञ तिथे बरीच वर्षं वाघांचा अभ्यास करत होते. ते सांगत होते, वाघ दिसेनासे होताहेत हो, लक्ष द्या. पण कागदावर वाघ भरपूर होते! तेव्हा वाघ मोजायचे ते पायाच्या ठशांवरून. एकाच वाघाचा ठसा ओल्या मातीत एक दिसतो, धुळीत दुसरा दिसतो आणि वहीत दोन वाघ लिहिले जातात. हजेरीपटावर वर्ग भरलेला आणि बाकं मात्र रिकामी, असं कुठल्या शाळेत चालेल का? पन्नात ते चाललं. २००९ साल उजाडलं तेव्हा त्या जंगलात एकही वाघीण उरली नव्हती. एखादा नर असेल अशी आशा होती, पण तोही पुन्हा दिसला नाही.

असं होणारं ते पहिलं जंगल नव्हतं, हे मला सांगायलाच हवं. राजस्थानातल्या सरिस्कामध्ये चार-पाच वर्षं आधी हेच झालं होतं. २००८ साली तिथे रणथंभोरहून हेलिकॉप्टरने वाघ आणून सोडले. मग पन्नाच्या लोकांनीही ठरवलं, आपणही आणायचे.

मार्च २००९ मध्ये दोन वाघिणी आल्या. एक बांधवगडहून, तिचं नाव टी-१. दुसरी कान्हाहून हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने, तिचं नाव टी-२. (नावं काही फार गोड नाहीत, पण जंगल खातं नावं ठेवताना बारसं करत नाही.) दोघींच्या गळ्यात रेडिओचा पट्टा होता. या पट्ट्यातून सतत बारीक टिक टिक असा संदेश निघतो. हातात अँटेना घेऊन माणूस फिरतो आणि ज्या दिशेला आवाज मोठा, त्या दिशेला वाघीण.

पण नर नव्हता. नर नाही तर पिल्लं कुठून होणार? म्हणून नोव्हेंबरमध्ये पेंचहून एक दांडगा नर आणला. हा टी-३. पेंच म्हणजे आपल्या नागपूर जिल्ह्याला लागून असलेलं जंगल. त्याचा एक भाग महाराष्ट्रात आहे आणि एक मध्य प्रदेशात. हा वाघ मध्य प्रदेशच्या बाजूचा. काही दिवस त्याला कुंपणात ठेवलं, नव्या हवेची सवय होऊ दिली आणि मग दार उघडलं.

आता वाघोबांनी काय करावं? दहा-बारा दिवस इकडेतिकडे हुंगलं आणि सरळ दक्षिणेकडे चालायला लागले. पेंच दक्षिणेलाच आहे, बरं का! नकाशावर पट्टी ठेवलीत तर पन्ना ते पेंच हे अंतर सरळ रेषेत तीनशे किलोमीटरहून जास्त भरतं. येताना हा गडी पिंजऱ्यातून आला होता. त्याने ना वाट पाहिली, ना मैलाचे दगड वाचले. तरी घर कुठल्या दिशेला आहे ते त्याला ठाऊक होतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आधी आठवण झाली ती मनीची.

जंगल संपलं. शेतं लागली, गावं लागली, रस्ते लागले. रात्री चालायचं आणि दिवसा एखाद्या ओढ्यात किंवा झाडोऱ्यात पडून राहायचं असा त्याचा बेत. छतरपूर, सागर, दमोह अशा जिल्ह्यांतून तो गेला. त्याच्या मागे मागे, टिक टिक ऐकत, जवळजवळ सत्तर माणसं आणि चार हत्ती! थंडीचे दिवस, उघड्यावर मुक्काम. टिक टिक बंद झाली की सगळ्यांच्या पोटात गोळा. कोणी गावकऱ्याने घाबरून काठ्याकुऱ्हाडी काढल्या असत्या, कोणी सापळा लावला असता, तर गोष्ट तिथेच संपली असती. पण महिनाभरात, चारशेहून जास्त किलोमीटरच्या त्या प्रवासात, त्याने एकाही माणसाला इजा केली नाही.

पन्नाचे प्रमुख होते आर. श्रीनिवास मूर्ती. त्यांच्यापुढे प्रश्न असा की, याला जाऊ द्यावं की परत आणावं? जाऊ दिलं तर तो वाटेत मारला जाण्याची भीती आणि पन्नात पुन्हा दोन वाघिणी एकट्या. शेवटी २५ डिसेंबरला हत्तीवरून जवळ जाऊन त्याला बेशुद्धीचं इंजेक्शन मारलं आणि पुन्हा पन्नात आणलं.

पण आणलं म्हणून तो राहील कशावरून? मामाने मनीला दुसऱ्यांदा सोडलं असतं तर ती दुसऱ्यांदाही आली असती, याची मला खात्री आहे. इथे मूर्तींच्या माणसांनी जी युक्ती केली ती ऐकून माझा सगळा वर्ग ‘ईऽऽ’ करून ओरडला होता. तुम्हीही ओरडून घ्या. वाघ एकमेकांना निरोप देतात ते मुतून! झाडाच्या बुंध्यावर फवारा मारून ठेवायचा. त्याच्या वासावरून पुढच्याला कळतं, इथे कोण राहतं, नर की मादी आणि ती कधी येऊन गेली. टी-३ जिथे फिरत होता तिथे दोन्ही वाघिणींचा वासच नव्हता. त्याला वाटलं असणार, इथे आपलं कोणी नाही. मग भोपाळच्या प्राणिउद्यानातल्या वाघिणीचं मूत्र आणून ते जंगलाच्या वाटांवर शिंपडलं. त्या वासाच्या मागावर टी-३ फिरत राहिला आणि फिरता फिरता त्याची टी-१शी गाठ पडली.

१६ एप्रिल २०१० रोजी टी-१ला चार पिल्लं झाली. सगळी जगली नाहीत, पण जंगलात पुन्हा वाघाची पिल्लं होती. त्यानंतर ऑक्टोबरात टी-२लाही पिल्लं झाली. पन्नात १६ एप्रिलला या पहिल्या पिल्लांचा वाढदिवस साजरा होतो.

यातला मला सर्वांत आवडणारा भाग पुढे आहे. कान्हाला आई मेलेल्या दोन बहिणी होत्या. माणसांनीच त्यांना मोठ्या कुंपणात वाढवलेलं. त्यांना २०११ साली पन्नात सोडायचं ठरलं तेव्हा बऱ्याच जाणत्यांनी मान हलवली. शिकार करायला आई शिकवते, दोन-दोन वर्षं बरोबर हिंडवून. बिनआईच्या पोरी कशा जगणार? पण कुंपणात चितळं सोडून त्यांना शिकारीचा सराव दिलेला होता. आणि त्या जगल्या. नुसत्या जगल्या नाहीत, तर त्यांच्यातली टी-४ स्वतः आई झाली.

आज पन्नात पन्नासहून जास्त वाघ आहेत. आता त्यांची मोजणी ठशांवर चालत नाही. झाडाला बांधलेला कॅमेरा वाघ समोरून गेला की आपोआप फोटो काढतो. तुमच्या अंगठ्याचा ठसा जसा दुसऱ्या कोणाचा नसतो, तसे एका वाघाचे पट्टे दुसऱ्याला नसतात. त्यामुळे एक वाघ दोनदा मोजला जात नाही.

बऱ्याच जणांना वाटतं, जंगलात हरणं आहेत, झाडं आहेत, मग एक वाघ नसला तर काय बिघडलं? उलट हरणांना सुखच की! मी वर्गात हाच प्रश्न विचारला होता. पोरांनी उत्तर दिलं, हरणं वाढतील. बरोबर. वाढतील, निवांत एकाच जागी चरतील, कोवळी रोपं जमिनीतून डोकं वर काढायच्या आत फस्त करतील. रानडुकरं आणि नीलगायी वाढून शेतात शिरतील. वाघाने अर्धवट खाल्लेल्या शिकारीवर कोल्हे जगतात, तरस जगतात, गिधाडं जगतात, त्यांचं ताट जाईल. पन्नातल्या कड्यांवर गिधाडं बसलेली दिसतात, तीही या पंगतीतलीच. अमेरिकेत यलोस्टोन नावाच्या उद्यानात १९२६ पर्यंत लांडगे मारून संपवले होते. १९९५ साली कॅनडातून ते परत आणले. तिथली एल्क नावाची हरणं नदीकाठची कोवळी झाडं वाढूच देत नव्हती. लांडगे आल्यावर काही ठिकाणी ती झाडं पुन्हा उंच झाली. ती केवळ लांडग्यांमुळे की आणखी कशामुळे, यावर तिथले शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. घालू देत. वाद घालणं हे त्यांचं कामच आहे.

हे सगळं मी फळ्यावर बाण काढून काढून समजावलं. वर्ग खूश, मीही खूश. आणि मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. आमची शाळा जंगलाच्या कडेला आहे. तिच्या घरची गाभण शेळी दिवाळीआधी वाघाने नेली होती. ती म्हणाली, “बाई, तिथला वाघ गेला तर हेलिकॉप्टरने आणून सोडला. आमची शेळी गेली, ती कोण आणून देणार?”

माझ्या हातात खडू तसाच राहिला.

हा परिच्छेद आईबाबांनीही वाचावा. शेळीची भरपाई मिळते हे मला माहीत होतं. पण भरपाईसाठी पंचनामा लागतो, कागद लागतात, आणि तिच्या वडिलांची मजुरी त्या खेपांमध्ये बुडाली होती. पैसे अजून हातात पडले नव्हते. पन्नातही वाघांना जागा मिळावी म्हणून आतली काही गावं उठवली गेली. ज्यांची चूल हलली त्यांना वाघाची गोष्ट आपल्याइतकी गोड लागत नसेल. आणि ज्या जंगलासाठी इतका खटाटोप केला त्याचाच एक भाग केन-बेतवा प्रकल्पाच्या धरणाच्या पाण्याखाली जाणार आहे. त्याची पायाभरणी डिसेंबर २०२४ मध्ये झाली. आपल्याकडेही मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी भागातून दोन वाघिणी उचलून नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या. एकीकडे वाघ दाटीने राहतात आणि माणसं जीव मुठीत धरून मोहाची फुलं वेचतात, दुसरीकडे जंगल रिकामं. म्हणून हा उपाय. माझ्या मते तो चांगला उपाय आहे. पण ज्या दिवशी वाघीण सोडायची, त्या दिवशी जवळच्या गावांतल्या शेळ्यांच्या भरपाईचे कागदही तयार हवेत, असं मला त्या मुलीमुळे वाटू लागलं आहे. मी तिला तसंच सांगितलं. तिचं समाधान झालं की नाही कोण जाणे. मधल्या सुट्टीत मात्र ती नकाशापाशी उभी राहून पट्टीने पन्ना ते पेंच मोजत होती.

तुम्हीही मोजा. नकाशाखाली प्रमाण दिलेलं असतं ते बघायला विसरू नका. आणि एक सोपं गणित. टी-३ तीस दिवसांत ४४० किलोमीटर चालला असं धरा. रोज किती चालला? मग आपल्या घरापासून तेवढ्या अंतरावर कुठलं गाव येतं ते आजोबांना विचारा. चालत जाऊन बघायची गरज नाही!

आणि हो, मनीचं काय झालं ते राहिलंच. तिला पुन्हा कोणी सोडून आलं नाही. आईने बाजारातून चांगलं जड झाकण आणलं आणि शेजारच्या काकूंच्या पातेल्यावर स्वतः नेऊन ठेवलं.