फळगळ एक, चोर दोन



मोसंबी गळायला लागली की आपण आधी दुकान गाठतो, फळ नंतर बघतो. माझं मत उलटं आहे. आधी गळालेलं फळ कापा. आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसल्या तर फळमाशी. मादी सालीखाली अंडी घालते. अळी नाही, पण सालीला टाचणीएवढं छिद्र आणि भोवती सडका डाग, तर रसशोषक पतंग. हा अंधार पडल्यावर येतो, सोंड खुपसून रस पितो आणि उजाडायच्या आत पसार. दिवसा फळावर मारलेलं औषध त्याला लागणार कसं? त्याची अळी तर फळावर नसतेच, ती बांधावरच्या गुळवेल-वासनवेलीवर वाढते. (गुळवेल औषधी खरी, पण बागेला खेटून नको.) त्या वेली काढा, संध्याकाळी बागेत धूर करा.

माशीला मिथाइल युजेनॉलचे सापळे लावा. पण त्यात फक्त नर अडकतात, त्यामुळे गळालेली फळं वेचून खोल पुरणं चुकत नाही. अळी कोषात जायला मातीतच उतरते.

तोडणी तोंडावर असताना अंदाजाने फवारणी करू नका, औषधाचा अंश फळात राहतो. दोन्ही खुणा नसतील तर कारण वेगळं आहे. कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, मग औषधाचं बोलू.