गोळी मात्र डॉक्टरच झाडणार!

'हॅलोवीन' (१९७८) पाहिलाय ना? लॉरी नावाची पोरगी त्या मुखवटेवाल्याशी एकटी झुंजते. विणायची सुई, तारेचा हँगर, त्याचाच सुरा, हाताला लागेल ते घेऊन. आणि शेवटी डॉक्टर लूमिस रिव्हॉल्व्हर घेऊन येतो आणि धडाधड गोळ्या घालतो. लढली ती, वाचवलं म्हणे त्यानं!

सिनेमा आहे, सोडून देऊ. पण अमेरिकेनं दहशतवादाविरुद्धचं युद्ध लोकांच्या गळी उतरवलं ते याच पटकथेवर. नोव्हेंबर २००१ मध्ये लॉरा बुश रेडिओवर अफगाण बायकांच्या हालांबद्दल बोलल्या. हाल खरेच होते, वादच नाही. पण तालिबानच्या नाकावर टिच्चून घरात चोरून मुलींना शिकवणाऱ्या बाया तिथे आधीपासून होत्या, त्यांना कोणी नायिका केलं नाही. किंचाळणारी बाई हवी, म्हणजे हिरोला एन्ट्री मिळते.

जेसिका लिंचचं तर विचारूच नका. २००३ मध्ये इराकमध्ये पकडली गेलेली ही १९ वर्षांची सैनिक. बातम्यांनी तिला एकीकडे रॅम्बो केलं, दुसरीकडे हिरव्या नाइट-व्हिजन कॅमेऱ्यात सुटका होणारी अबला. २००७ मध्ये तिनं स्वतः अमेरिकन संसदेच्या समितीपुढे सांगितलं, ती रॅम्बोची कहाणी खोटी आहे. साधी जखमी सैनिक कुणालाच नको होती!

आणि हो, फेब्रुवारी २०२० मध्ये दोह्यात अमेरिकेनं त्याच तालिबानशी करार केला. त्यात बायकांच्या हक्कांबद्दल एक शब्द नाही. शोधून बघा.