आरशामागचे आम्ल : एका चाचणीचा न शिकवलेला इतिहास

१/ रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत एक प्रयोग विद्यार्थ्यांना हमखास आवडतो. स्वच्छ परीक्षानळीत सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनिया यांचे ताजे द्रावण घ्यायचे, त्यात अल्डिहाइडचे काही थेंब टाकायचे आणि नळी कोमट पाण्यात धरायची. थोड्याच वेळात काचेच्या आतल्या बाजूस लखलखीत आरसा चढतो. वहीत एक ओळ लिहिली जाते : ‘रजतदर्पण मिळाला, अल्डिहाइड गट उपस्थित.’ तास संपतो.

२/ माझे मत असे की, त्या एका ओळीखाली एक मोठा सामाजिक इतिहास गाडला गेला आहे आणि तो आपण शिकवत नाही. ज्ञान हाती आल्यावरही माणसांचे हाल थांबायला किती काळ लागतो, याचे हा प्रयोग म्हणजे उत्तम उदाहरण आहे. आजचा थ्रेड त्याविषयी. मित्रहो, जरा सवडीने वाचावा.

३/ आधी नळीत काय घडते ते पाहू. अल्डिहाइडच्या टोकाला एक कार्बन असतो. त्याला एक ऑक्सिजन दुहेरी बंधाने आणि एक हायड्रोजन एकेरी बंधाने जोडलेला असतो. हा हायड्रोजनच त्याचे मर्मस्थान. ऑक्सिडीकरण झाले की त्याच्या जागी हायड्रॉक्सिल गट येतो आणि अल्डिहाइडचे कार्बोक्सिलिक आम्ल होते. कीटोनमध्ये त्या कार्बनवर हा हायड्रोजनच नसतो, म्हणून साधे कीटोन या चाचणीत सहसा आरसा देत नाहीत.

४/ ऑक्सिडीकरण एकट्याने होत नाही. अल्डिहाइड इलेक्ट्रॉन गमावतो, ते चांदीचे आयन स्वीकारतात. एका अल्डिहाइड रेणूमागे चांदीचे दोन आयन धातुरूप होतात आणि काचेवर बसतात. तयार झालेले आम्ल मात्र अल्कधर्मी द्रावणात क्षाराच्या रूपाने विरघळून राहते. आपण आरसा पाहतो, आम्ल मोरीत ओततो.

५/ आता १८३२ साली जाऊ. त्या वर्षी जूनमध्ये फ्रीडरिश व्योलर यांच्या तरुण पत्नीचे निधन झाले. त्यांचे मित्र युस्टुस फॉन लीबिग यांनी त्यांना गीसेनला बोलावून घेतले. दुःखावर उतारा म्हणून दोघांनी कामाला वाहून घेतले. विषय होता कडू बदामाचे तेल.

६/ हे तेल म्हणजे आजच्या भाषेत मुख्यतः बेन्झाल्डिहाइड. ते हवेत उघडे राहिले की हवेतील ऑक्सिजन घेते आणि त्याचे बेन्झॉइक आम्लाचे पांढरे स्फटिक होतात, हे त्यांनी दाखवले. शिवाय या साऱ्या रूपांतरांत अणूंचा एक समूह अभंग राहतो, हेही त्यांच्या लक्षात आले. त्याला त्यांनी ‘बेन्झॉइल’ असे नाव दिले. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या घनदाट अरण्यात ती पहिल्या पायवाटांपैकी एक ठरली.

७/ ‘अल्डिहाइड’ हा शब्दही याच काळातला. येना येथील योहान वोल्फगांग ड्योबरायनर यांनी प्लॅटिनमच्या काळ्या भुकटीच्या सान्निध्यात अल्कोहोलपासून ॲसेटिक आम्ल होते, हे आधीच दाखवले होते. या वाटेवर मध्येच एक अतिशय बाष्पनशील द्रव मिळतो. लीबिग यांनी १८३५ मध्ये तो शुद्ध रूपात अभ्यासला. हायड्रोजन काढून घेतलेले अल्कोहोल, या अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे जोडून त्यांनी त्याला अल्डिहाइड म्हटले.

८/ त्याच अभ्यासात त्यांनी एक गोष्ट नोंदवली : अमोनियायुक्त चांदीच्या क्षाराबरोबर हा द्रव तापवला की भांड्याच्या आतून चांदीचा आरसा चढतो. म्हणजे परीक्षानळीतला आपला प्रयोग १८३५ सालापासून रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक होता. हे साल ध्यानात ठेवा.

९/ कारण त्या काळी घरोघरीचे आरसे चांदीचे नव्हते, पाऱ्याचे होते. कथलाचा पातळ पत्रा सपाट पाटावर पसरायचा, त्यावर पारा ओतायचा आणि वरून काच हलकेच सरकवत आणायची. मग काचेवर वजने ठेवून जादा पारा निथळू द्यायचा. पुढे कित्येक दिवस आरसा तसाच ठेवावा लागे. सोळाव्या शतकापासून व्हेनिसच्या कारागिरांनी या विद्येत नाव कमावले होते.

१०/ पारा साध्या तापमानालाही हवेत उडत असतो. बंद खोलीत दिवसभर त्याच्यावर ओणवे राहणाऱ्या माणसाच्या श्वासात तो जातच राहतो. व्यवसायजन्य रोगांवरील बर्नार्डिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्यांचा ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध झाला. त्यात आरसे करणाऱ्यांचीही दखल आहे : स्वतः घडवलेल्या आरशात स्वतःचीच दुर्दशा पाहावी लागणारी ही माणसे आपल्या धंद्याला शिव्याशाप देतात, अशा आशयाचे त्यांचे निरीक्षण आहे.

११/ एकोणिसाव्या शतकात या उद्योगाचे एक मोठे केंद्र बव्हेरियातील फ्यूर्ट हे शहर होते. जवळच्या एर्लांगेन विद्यापीठातील वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी या भागातील आरसा-कामगारांची तपासणी केली आणि १८६१ मध्ये पाराविषबाधेवर सविस्तर ग्रंथ लिहिला. हातांना कंप, हिरड्यांना व्रण, तोंडातून सतत लाळ, खिळखिळे दात. त्याहून विचित्र म्हणजे मनाचा भित्रेपणा आणि अनावर चिडचिड : मालकाने नुसते पाहिले तरी हात चालेनासे व्हावेत, अशी अवस्था.

१२/ आता सालांचा हिशेब मांडा. विषाची लेखी साक्ष १७०० सालची. पाऱ्याविना आरसा करता येतो याचे ज्ञान १८३५ चे. कुसमाउल यांचा ग्रंथ १८६१ चा, आणि तेव्हाही पारा ओतला जातच होता. या सव्वीस वर्षांत नेमके काय झाले?

१३/ प्रयत्न झाले नाहीत असे नाही. इंग्लंडमध्ये थॉमस ड्रेटन यांनी १८४३ मध्ये काचेवर चांदी चढवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यांनी चांदीच्या द्रावणात कॅसियाचे, म्हणजे आपल्या दालचिनीच्या भावंडाचे, आणि लवंगेचे तेल वापरले. कॅसियाच्या तेलात मुख्य घटक सिनॅमाल्डिहाइड असतो. आपल्या मसाल्याच्या डब्यातला तो परिचित सुगंध मूलतः अल्डिहाइडचाच आहे.

१४/ लीबिग स्वतः १८५२ मध्ये म्युनिकला गेले आणि १८५६ मध्ये काचेवर चांदी चढवण्याच्या सुधारित पद्धतीचे वर्णन त्यांनी प्रसिद्ध केले. यात अल्डिहाइडऐवजी दुधातील साखर होती. ही साखर द्रावणात आपले वलय उघडते, तेव्हा तिच्यातला अल्डिहाइड गट मोकळा होतो आणि तोच चांदीचे क्षपण करतो. कारखान्यांतून पाऱ्याला रजा मिळावी, ही त्यांची अपेक्षा होती.

१५/ चांदीचे पहिले मोठे यश मात्र दिवाणखान्यात नव्हे, आकाशाखाली दिसले. १८५६-५७ च्या सुमारास जर्मनीत कार्ल आउगुस्ट फॉन श्टाइनहाइल आणि फ्रान्समध्ये लेऑं फुको यांनी चांदी चढवलेल्या काचेचे आरसे दुर्बिणींत बसवले. आधीचे धातूचे आरसे काळवंडत, मग त्यांना पुन्हा घासावे लागे आणि घासताना आकार बिघडे. चांदीचा थर मात्र धुऊन नव्याने चढवता येतो, काचेचा आकार तसाच राहतो. पुढे १९२० च्या दशकात एडविन हबल यांनी देवयानी आकाशगंगेचे अंतर शोधले ते चांदी चढवलेल्या शंभर इंची आरशानेच.

१६/ म्हणजे ताऱ्यांना चांदी लवकर मिळाली. फ्यूर्टच्या कामगारांना उशिरा. याचे सारे खापर मालकांच्या लोभावर फोडणे सोपे आहे, पण ते पूर्ण सत्य नाही. सुरुवातीच्या चांदीच्या थरात खरोखरच उणिवा होत्या. थर अत्यंत पातळ, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. मागून नीट संरक्षण नसेल तर त्यावर डाग पडत. प्रतिबिंबात किंचित पिवळसर झाक येई, आणि पाऱ्याच्या थंड, निळसर झळाळीला सरावलेल्या डोळ्यांना ती खटके.

१७/ तरीही प्रश्न उरतोच. एका बाजूला ग्राहकाच्या चेहऱ्यावरची पिवळी झाक, दुसऱ्या बाजूला कामगाराचा थरथरता हात. बाजाराच्या तराजूत कित्येक वर्षे पहिले पारडेच जड राहिले. कारण ग्राहक आरसा पाहून पैसे मोजत होता. आरसा करणारा हात त्याला त्यात दिसत नव्हता.

१८/ हे पारडे फिरले ते १८८० च्या दशकात. पाऱ्याच्या आरशांच्या कारखान्यांवर जर्मनीत कडक सरकारी नियम आले. हवा, कामाचे तास, वैद्यकीय देखरेख यांची सक्ती झाली. त्या अटी पाळून पारा वापरणे परवडेनासे झाले आणि चांदीचा आरसा सर्वत्र रूढ झाला. लीबिग १८७३ मध्येच वारले होते. आपली पद्धत घराघरांत पोहोचलेली त्यांनी पाहिली नाही.

१९/ याच दशकात, १८८२ मध्ये, ग्योटिंगेन विद्यापीठातील बर्नहार्ड टॉलेन्स यांनी अमोनिया व अल्कली असलेले चांदीचे द्रावण अल्डिहाइड ओळखण्यासाठी वापरता येते, असा लेख प्रसिद्ध केला. ते शर्करांचे अभ्यासक होते, त्यांना चाचणी हवी होती. पुस्तकांनी त्यांचे नाव ठेवले आणि आरशाची कथा वगळली. टॉलेन्स यांचा यात काही दोष नाही. आपण काय लक्षात ठेवायचे ठरवले, एवढेच यातून दिसते.

२०/ कोणी म्हणेल, विद्यार्थ्याला समीकरण यायला हवे, इतिहासाचे ओझे कशाला? मला हा आक्षेप पटत नाही. इतिहास सांगितल्याने समीकरणाच्या दोन्ही बाजू जिवंत होतात. आम्ल हवे असेल तर चांदी हे साधन ठरते. आरसा हवा असेल तर आम्ल हा टाकाऊ भाग. अभिक्रिया तीच, पण तिचे मोल कोण काय शोधतो यावर ठरते. हे समजलेला विद्यार्थी ऑक्सिडीकरण आणि क्षपण हे जोडीनेच घडतात, हे परीक्षेनंतरही विसरणार नाही.

२१/ दुसरा आक्षेप उलट दिशेचा : ही तर विज्ञानाच्या विजयाची कथा, ती तशीच सांगावी. इथेही माझा विरोध आहे. ‘पारा घातक होता, रसायनशास्त्राने चांदी दिली, प्रश्न मिटला’ ही मांडणी खोटी आहे. रसायनशास्त्राने पर्याय दिला, वैद्यकाने पुरावा दिला आणि कायद्याने सक्ती केली. तिन्ही एकत्र आले तेव्हाच पारा मागे हटला. यातील एकाच दुव्याला श्रेय दिले, तर आजच्या घातक धंद्यांसमोर आपण नुसती नव्या शोधाची वाट पाहत बसू.

२२/ शिवाय चांदीची वाटही निर्धोक नाही. हे अमोनियायुक्त द्रावण साठवून ठेवले तर त्यात स्फोटक संयुगे तयार होऊ शकतात. म्हणून ते ताजेच करायचे आणि काम झाल्यावर विरल आम्ल घालून निकामी करायचे, हा प्रयोगशाळेचा नियम आहे. हा नियमही वहीतल्या त्या ओळीत क्वचितच येतो.

२३/ माझी मागणी मोठी नाही. जिथे रजतदर्पणाची चाचणी शिकवली जाते, तिथे समीकरणाखाली दोन वाक्ये जोडावीत. पहिले : ही अभिक्रिया १८३५ पासून माहीत होती. दुसरे : तिच्यामुळे वाचू शकणारे कामगार त्यानंतरही सुमारे अर्धशतक पाऱ्याची वाफ श्वासात घेत राहिले. बाकीचे प्रश्न विद्यार्थी आपण होऊन विचारतील.

२४/ पुढच्या वेळी परीक्षानळीत आरसा चढला की त्यात आपला चेहरा जरूर पाहा. पण नळी धुण्याआधी क्षणभर रामाझ्झिनींनी पाहिलेल्या त्या कारागिरांनाही आठवा. त्यांनी जगाला आरसे दिले, आणि त्या आरशांत त्यांना स्वतःचे झिजणे दिसत होते.