एका ‘एस’चा धाक

इंग्रजी वर्णमालेत 26 अक्षरे आहेत. त्यांतल्या एका अक्षराने मराठी माणसाला जेवढा घाम फोडला आहे, तेवढा उरलेल्या 25 अक्षरांनी मिळूनही फोडला नसेल. हे अक्षर म्हणजे ‘एस’. आय गो, यू गो, वी गो, दे गो इथवर सारे सुरळीत चालते. मग ‘ही’ येतो आणि त्याच्यासाठी मात्र ‘गोज’ म्हणावे लागते. हा ‘एस’ विसरला की वर्ग हसतो, मुलाखत घेणारे साहेब भुवया उंचावतात आणि बोलणाऱ्याचे शिक्षण, घर, गाव यांचा हिशेब ऐकणारा मनातल्या मनात मांडून मोकळा होतो.

खरे तर चूक करणाऱ्या मुलाचे तर्कशास्त्र पक्के असते. एक बॉय, अनेक बॉइज. म्हणजे ‘एस’ लागला की अनेकवचन, हे त्याला पहिल्या इयत्तेतच शिकवलेले असते. मग दुसऱ्या दिवशी त्याला सांगतात की एकटा बॉय ‘रन्स’ आणि पुष्कळ बॉइज मात्र नुसते ‘रन’. नामाला ‘एस’ लावला तर पुष्कळ झाले आणि क्रियापदाला लावला तर एकच उरला! मुलाने गोंधळावे नाही तर काय करावे? आपण मात्र त्याला सांगतो, ‘पाठ कर.’

आता आपल्या मराठीकडे पाहा. मुलगा आला, मुलगी आली, मूल आले, मुलगे आले, मुली आल्या, मुले आली. एका साध्या येण्यासाठी लिंग आणि वचन यांचा केवढा हा पसारा! एवढ्यावर भागत नाही. आईने आंबा खाल्ला, आईने पोळी खाल्ली, आईने केळे खाल्ले. खाणारी आई तीच, पण क्रियापद तिला सोडून ताटातल्या पदार्थाच्या मागे गेले. आणि आईने मुलीला समजावले, आईने मुलांना समजावले, यात तर क्रियापद ना आईचे ऐकते, ना मुलांचे. कर्तरी, कर्मणी आणि भावे अशी नावे या प्रयोगांना व्याकरणकारांनी दिली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण 1836 साली निघाले, मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 साली. पण यातले एकही पान न वाचलेले चार वर्षांचे पोर ‘मी पोळी खाल्ला’ असे म्हणत नाही. कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ घालण्याची विद्या त्याने आईच्या कडेवर बसून मिळवलेली असते. अशा मुलाला इंग्रजीच्या वर्गात आपण काय सांगतो? की तुला व्याकरण येत नाही. पैलवानाला जिना चढायला शिकवण्यातला हा प्रकार झाला.

माझा पहिला मुद्दा तो हाच. मराठी मूल इंग्रजीच्या दारात रिकाम्या हाताने येत नाही. त्याच्या गाठीला पुष्कळ असते, पण ते मोजून दाखवणारे कोणी भेटत नाही.

या मेळात समाजही दडलेला असतो. ‘बाबा आले’ असे आपण म्हणतो आणि ‘आई आली’ असेही म्हणतो. एकाच घरात वडिलांना आदरार्थी बहुवचन आणि आईला जिव्हाळ्याचे एकवचन. इंग्रजीत दोघांनाही एकवचनच. एखाद्या मुलाने निबंधात ‘माय ग्रँडफादर आर’ असे लिहिले, तर त्याखाली लाल रेघ ओढण्यापूर्वी शिक्षकांनी क्षणभर थांबावे. ते वाक्य इंग्रजी म्हणून चूकच आहे, पण त्या चुकीत घरचे संस्कार आहेत.

इंग्रजांनी तरी हा ‘एस’ कुठून आणला? जुन्या इंग्रजीत क्रियापदांना पुरुषागणिक आणि वचनागणिक निरनिराळे प्रत्यय होते. शतकानुशतके बोलता बोलता ते झिजले. तृतीयपुरुषी एकवचनाचा तेवढा उरला. त्यातही दक्षिण इंग्लंडचा प्रत्यय वेगळा होता. ‘गोएथ’, ‘कमेथ’ अशी ती रूपे 1611 च्या बायबलात जागोजागी दिसतात. ‘एस’ हा मूळचा उत्तरेकडच्या बोलीतला पाहुणा. तो खाली आला आणि घरचा मालक झाला. तरीही इंग्लंडच्या पूर्व भागात, नॉर्फकसारख्या परगण्यात, पिढ्यान्‌पिढ्या लोक ‘ही गो’ असेच म्हणत आले. पीटर ट्रडगिल या भाषाशास्त्रज्ञाने नॉरिच शहराच्या बोलीचा अभ्यास 1974 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यात हा ‘एस’ कोण लावतो आणि कोण गाळतो, याचा संबंध बोलणाऱ्याच्या सामाजिक थराशी कसा लागतो, हे दाखवले आहे. म्हणजे ज्या ‘ही गो’पायी आपल्याकडचा मुलगा मान खाली घालतो, ते जन्माने इंग्रज असलेल्या माणसाच्या तोंडीही आहे आणि तिथेही त्यावरून माणसाची प्रतवारी होतेच.

शिवाय नियमांच्या गावातही सगळेच एका वाटेने जात नाहीत. क्रिकेटचे इंग्रजी समालोचन ऐकणाऱ्यांना ‘इंडिया आर’ हे कानांना सवयीचे आहे. ब्रिटिश वळणात संघ म्हणजे अकरा खेळाडू, म्हणून अनेकवचन. अमेरिकनांच्या लेखी संघ म्हणजे एक वस्तू, म्हणून ‘इज’. त्याच अमेरिकेच्या राज्यघटनेत देशद्रोहाच्या कलमात ‘युनायटेड स्टेट्स’साठी अनेकवचनी सर्वनाम आहे. आज तो देश स्वतःला बिनदिक्कत ‘इज’ म्हणवून घेतो. अनेक राज्यांचा मिळून एक देश झाला, हे क्रियापदानेही मान्य केले.

एवढे वाचून कोणी म्हणेल की मग टाकून द्या हा ‘एस’! तसे मात्र माझे मत नाही. आयुष्याची उमेदीची वर्षे मी बँकेच्या कागदपत्रांत घालवली आहेत. तिथे एकवचन आणि अनेकवचन हा निबंधातल्या गुणांचा प्रश्न नसतो, कर्ज कोणी फेडायचे याचा प्रश्न असतो. वचनचिठ्ठीवर ‘आय’ आणि ‘वी’ मध्ये तिरकी रेघ देऊन छापतात आणि पुढे ‘प्रॉमिस’ हे एकच क्रियापद दोघांनाही चालते. पण मजकुरात ‘बॉरोअर’ आला की पंचाईत. मग ‘बॉरोअर’लाही कंसात ‘एस’ आणि ‘अ‍ॅग्री’लाही कंसात ‘एस’. या घोळाची जाण कायद्यालाही आहे. 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचे तेरावे कलम सांगते की संदर्भाला बाध येत नसेल, तर कायद्यातल्या एकवचनात अनेकवचन आणि अनेकवचनात एकवचन धरावे, आणि पुल्लिंगात स्त्रियाही धराव्यात. व्याकरणाचा वाद मिटवायला संसदीय भाषेत एवढी तजवीज करावी लागते!

आपल्या खिशातली नोट काढून पाहा. गव्हर्नरांचे वचन तिथे इंग्रजीत आणि हिंदीत छापलेले आहे. इंग्रजीतले ‘आय प्रॉमिस’ पुरुषालाही चालेल आणि स्त्रीलाही. हिंदीत मात्र ‘देता हूँ’ आहे. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपदावर आजवर एकही महिला आलेली नाही. ज्या दिवशी येईल, त्या दिवशी हिंदी क्रियापदाला कात टाकावी लागेल. क्रियापद मुकाट्याने किती बोलत असते ते यावरून कळावे.

म्हणून नियम हवा, धाक नको. धाकाने काय होते ते मी जवळून पाहिले आहे. बँकेत आमच्याबरोबर एक रोखपाल होते. खेड्यातल्या शाळेतून शिकून आलेले. आकडेमोडीत असे वाकबगार, की संध्याकाळी फरक लागला की सगळे त्यांच्याकडे धावत. अधिकारीपदाच्या मुलाखतीत त्यांच्या तोंडून ‘ही डोन्ट’ निघाले. समोरच्या एका साहेबांनी ते तसेच उच्चारून दाखवले आणि बाकीचे हसले. त्यांना बढती मिळाली नाही, हे एक वेळ सोडून देऊ. पण त्यानंतर ते पुन्हा कधीही मुलाखतीला बसले नाहीत. ‘माझं आहे ते बरं आहे, साहेब’ एवढेच म्हणत. एका गाळलेल्या अक्षरापायी बँकेने एक चांगला अधिकारी गमावला आणि त्या नुकसानीची नोंद कुठल्याही ताळेबंदात झाली नाही.

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी येऊन, म्हणजे 2000 सालापासून, आता एक पिढी सरली. तरीही मुलांना मराठी शाळेतून काढण्याची घाई ओसरलेली नाही. त्या घाईच्या मुळाशी हेच हसणे आहे, असे मला वाटते. आपल्याला हसले तसे पोराला हसू नयेत, ही आईबापांची इच्छा असते. ती चूक कशी म्हणावी? पण त्यावर उपाय मराठी सोडणे हा नाही. मराठी हाताशी धरणे हा आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडच्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या मराठी वाक्यासमोर इंग्रजी वाक्य ठेवूनच.

एकच उदाहरण देतो. ‘दि लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्स आर’ ही चूक भल्याभल्या साहेबांच्या पत्रांत मी पाहिली आहे. ती का होते? इंग्रजीत खरा कर्ता ‘लिस्ट’ आधी येऊन जातो आणि क्रियापदाच्या शेजारी ‘डॉक्युमेंट्स’ येऊन बसतात. शेजाऱ्यालाच घरमालक समजण्याची चूक होते. आता तेच मराठीत म्हणा : कागदपत्रांची यादी जोडली आहे. इथे ‘यादी’ क्रियापदाला खेटून आहे, चुकायला जागाच नाही. लांबलचक इंग्रजी वाक्यात कर्ता सापडेना, तर ते मनात मराठीत म्हणावे. कर्ता आपोआप हाती लागतो. जिला आपण अडचण समजतो, ती मातृभाषा अशी किल्ली होऊन बसते.

तेव्हा घरात नातू किंवा नात ‘ही गो’ म्हणाली, तर हसू नका आणि रागावूही नका. फक्त विचारा, ‘मराठीत तू “तो जातात” म्हणशील का गं?’ ती खुदकन हसेल. ते हसणे तिचे स्वतःचे असेल, आणि पुढचे वाक्य ती आपणच दुरुस्त करील.