गृहिणीची वही : कर्ज दोघांचें, काळजी एकीची

गेल्या महिन्यांत खोपोलीच्या एका भगिनीचें पत्र आलें. त्यांच्या संमतीनें, ओळख पटेल असा मजकूर गाळून, त्याचा सारांश येथें देतें. घरावर कर्ज आहे हें घरांतील दोघांनाहि ठाऊक आहे. झोप मात्र एकीचीच उडाली आहे. यजमान पहाटेच्या गाडीनें मुंबईस जातात, रात्रीं दमून परततात, आणि पैशाची गोष्ट निघतांच “पाहूं पुढें” म्हणून पान वाढण्यास सांगतात. घराचा हप्ता, क्रेडिट कार्डाची थकलेली बाकी आणि पतपेढीचें एक कर्ज, असे तीन धागे गुंतून बसले आहेत. आतां यजमानांनीं नव्या कर्जाचा कागद आणून ठेविला आहे. त्यावर जामीन म्हणून बाईंची सही हवी. ती नसेल, तर आईनें लग्नांत घातलेल्या पाटल्या मोडाव्या, असें त्यांचें म्हणणें. “सही करूं कीं पाटल्या देऊं?” एवढेंच बाई विचारतात.

माझें उत्तर असें कीं, आज दोन्हीहि नको. कारणें सांगतें.

आमच्या कर्जतच्या नांवांतच ‘कर्ज’ बसलें आहे, अशी थट्टा बाहेरगांवचे पाहुणे करितात. थट्टा सोडली, तरी ऋणाचें दुःख या घाटपायथ्याला नवें नाहीं. माथेरानचे भाई कोतवाल यांनीं या भागांतील शेतकऱ्यांसाठीं धान्यकोठ्या काढल्या होत्या. अडीअडचणीच्या दिवसांत सावकाराच्या उंबऱ्याशीं न जातां तेथून धान्य मिळावें, हा त्यांचा हेतु. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर त्यांना हौतात्म्य आलें, म्हणून आपण त्यांना वंदन करितों. मला मात्र त्या कोठ्यांचीहि आठवण तितकीच मोलाची वाटते. ऋण एकट्यानें सोसावयाचें नसतें, हें त्यांनीं गांवोगांवच्या शेतकऱ्यांना दाखवून दिलें. मग एका घरांतील दोघांना तें कां जमूं नये?

“नवऱ्याचें देणें तें बायकोचें देणें, हा आपला धर्मच,” असें कित्येक वडीलधारीं माणसें सांगतात. बाईंच्या सासूबाईंनींहि तेंच सांगितलें आहे. तेव्हां धर्मशास्त्रच उघडून पाहूं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत ऋणादानाचें प्रकरण आहे. तेथें म्हटलें आहे कीं, पतीनें किंवा पुत्रानें केलेलें ऋण स्त्रीनें फेडावयाचें नाहीं. अपवाद कुटुंबासाठीं केलेल्या ऋणाचा. जें तिनें स्वतः कबूल केलें, पतीच्या बरोबरीनें काढलें किंवा आपल्या हातानें घेतलें, तें मात्र तिनें द्यावें. त्यावांचून दुसरें नाहीं. मद्यासाठीं वा द्यूतासाठीं बापानें केलेलें ऋण तर पुत्रावरहि येत नाहीं. म्हणजे ‘सर्व देणें सरसकट तुझें’ असें स्मृतिकार कोठेंच म्हणत नाहींत. कर्ज कशासाठीं काढलें आणि कबुली कोणाची, हे दोन प्रश्न ते आधीं विचारतात.

आजचा कायदाहि याच वाटेनें चालतो. केवळ पत्नी आहे एवढ्यावरून पतीच्या एकट्याच्या नांवचें कर्ज तिच्यावर येत नाहीं. परंतु १८७२ च्या करार कायद्यानें, करारांत निराळें ठरलें नसेल तर, जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. सावकाराला आधीं पतीच्या मागें लागून थकण्याचें कारण नाहीं. तो सरळ जामिनाकडे येऊं शकतो. बाईंनीं कागदपत्रें पाहून कळविलें आहे कीं, घराच्या कर्जावर त्यांची सही आहे. कार्डावर व पतपेढीच्या कर्जावर नाहीं. तेव्हां घराचा हप्ता त्यांचाहि आहे आणि तो चुकवूं नये. पण नव्या कागदावर सही केली, तर आज जें देणें त्यांचें नाहीं तें उद्यां त्यांचें होईल. सही म्हणजे संसारांतील रुसवा काढण्याचें साधन नव्हे.

पाटल्यांचेंहि तसेंच. दुर्भिक्ष, धर्मकार्य, व्याधि आणि बंदिवास, एवढ्याच प्रसंगीं पतीनें स्त्रीधन घेतलें तर तें परत करण्यास तो बांधलेला नाहीं, असें याज्ञवल्क्य म्हणतो. क्रेडिट कार्डाची बाकी या चारांत कोठें बसते, तें ज्यानें त्यानें ठरवावें! सर्वोच्च न्यायालयानें २०२४ सालीं पुन्हां स्पष्ट केलें कीं, स्त्रीधन हें पत्नीचें स्वतःचें असून पतीचा त्यावर ताबा नाहीं. संकटांत त्यानें तें वापरलें, तरी तें किंवा त्याचें मोल परत करण्याचें नैतिक बंधन त्याच्यावर राहतेंच. बाईंनीं पुढें कधीं राजीखुषीनें पाटल्या दिल्या, तर तो त्यांचा अधिकार. भीतीनें देऊं नयेत, एवढेंच माझें सांगणें.

दुसऱ्यास उपदेश करणें सोपें असतें, म्हणून माझीहि चूक सांगतें. आमच्या घरींहि एके काळीं कर्ज होतें. मी शिकवण्या घेऊन चार वर्षें गुपचूप हप्ते भरले. घरांत कोणास कळूं दिलें नाहीं, याचा मला अभिमान वाटे. पुढें मुलीच्या कॉलेजची फी भरण्याचा दिवस आला, तेव्हां माझ्या डब्यांत कांहीं उरलें नव्हतें. आमचे यजमान शांतपणें म्हणाले, “मला वाटलें, सर्व केव्हांच फिटलें!” त्या वाक्याचा राग मनांतून जाण्यास पुष्कळ दिवस लागले. त्यांनीं विचारलें नाहीं, हा दोष त्यांचा खराच. पण मीं ओझें पदराआड झांकून ठेविलें, तेव्हां तें त्यांना दिसावें तरी कसें? खोपोलीच्या बाई माझ्याहून शहाण्या. त्या बोलत आहेत. आतां तें बोलणें कागदावर आणावें.

एक साधी वही घ्यावी. कर्ज कोणाचें, बाकी किती, व्याज किती, सही कोणाची, असे चार रकाने पाडावे. कांहीं देणें लपलें आहे अशी शंका असेल, तर यजमानांनीं स्वतःचा पतअहवाल मागवावा. देशांतील चारहि पतमाहिती कंपन्यांनीं तो वर्षांतून एकदां फुकट द्यावयाचा असतो. मग व्याजाकडे पाहावें. कार्डाच्या थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्के धरले, तर एका लाखास महिन्याचें व्याज ३,५०० रुपये होतें; घराच्या कर्जावर वर्षाला साडेआठ टक्के धरल्यास त्याच लाखास सुमारें ७०० रुपये. म्हणून घराचा हप्ता वेळेवर देऊन, उरेल तो प्रत्येक रुपया प्रथम कार्डाच्या बाकीकडे वळवावा आणि कार्ड कुलपांत ठेवावें.

ही वही जेवणाच्या वेळीं उघडूं नये. दमलेल्या माणसापुढें तर नकोच. रविवारीं सकाळीं, चहा झाल्यावर, दोघांचाहि विश्वास असलेलें एखादें वडील माणूस बसवून तीनच गोष्टी मागाव्या : सर्व कागद दिसावे, पगाराच्या दिवशींच ठरलेली रक्कम बाजूस निघावी, आणि दोघांच्या संमतीवांचून नवें कर्ज निघूं नये.

यजमानांनीं तरीहि मान फिरविली तर? बाई नोकरी करितात. त्यांनीं आपला पगार आपल्याच नांवच्या खात्यांत घ्यावा व त्यांतून आधीं घराच्या हप्त्यांतील आपला वाटा द्यावा. सल्ल्यासाठीं वकिलाच्या फीची भीति नको. १९८७ च्या कायद्यानें स्त्रीला, तिचें उत्पन्न कितीहि असो, मोफत विधिसाहाय्य मिळतें. कर्जत किंवा खालापूरच्या न्यायालयांत तालुका विधी सेवा समितीची चौकशी करावी. वसुलीचे दूरध्वनि सकाळीं आठच्या आधीं व सायंकाळीं सातनंतर येऊं नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा दंडक आहे. आणि पाटल्या बळजबरीनें काढून घेतल्या, तर तो २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यांत आर्थिक छळच ठरतो, हेंहि ध्यानांत असूं द्यावें. ही शेवटची वाट. तिच्यावर पाऊल टाकण्याची वेळ न येवो.

बाईंच्या यजमानांस मी वाईट माणूस म्हणत नाहीं. “पाहूं पुढें” म्हणणारा मनुष्य पुष्कळदां बेफिकीर नसून घाबरलेला असतो. आंकडा एकदां डोळ्यांपुढें आला, तर आपण नालायक ठरूं असें त्यास वाटतें. म्हणून वहींत कोणाचा दोष लिहूं नये, नुसते आंकडे लिहावे. मात्र त्यांच्या भीतीची किंमत बाईंच्या सहीनें चुकती होतां कामा नये.

बाईंनीं रविवारची बैठक कशी झाली तें कळविण्याचें कबूल केलें आहे. त्यांची इच्छा असेल, तर पुढील अंकीं लिहीन.